मीठ, साखर, काडेपेटी, बल्ब: जर्मनीतले घरगुती वस्तूंवरचे कर का आले आणि का गेले

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. श्टुटगार्टच्या जुन्या बाजारात तुम्हाला पत्त्यांचा एक कॅट मिळाला. बदामाच्या एक्क्यावर गरुडाचा गोल शिक्का आहे आणि त्यात 30 फेनिग (100 फेनिग म्हणजे तेव्हाचा 1 जर्मन मार्क) असं लिहिलं आहे. त्याच डब्यात एक काडेपेटी होती, तिच्यावर जर्मन काडेपेटी मक्तेदारी कंपनीचं नाव. त्यावरून शोधाशोध केल्यावर तुम्हाला कळलं की या देशात मीठ, साखर, चहा आणि विजेच्या बल्बवरही वेगवेगळे कर होते. तुम्ही विचारता, हे खरं का? आपल्याकडे मिठाच्या करावरून सत्याग्रह झाला, मग इथे तसं का झालं नाही? कर गेल्यावर वस्तू स्वस्त झाल्या का? आणि यातलं काही अजून उरलं आहे का, कारण घरून पार्सल येतं तेव्हा त्यात चहाही असतो आणि कॉफीही.

मी हॅम्बुर्गमध्ये बरीच वर्षं आयात मालाचं सीमाशुल्क आणि उत्पादन शुल्क सांभाळण्याचं काम करते. चहा, कॉफी आणि मसाल्याचे व्यापारी हे माझे नेहमीचे लोक. त्यामुळे यातला आजचा भाग रोजच्या कामातून सांगते. जुना भाग मला आवडीने आणि गरजेने शिकावा लागला, कारण आजचे नियम असे विचित्र का आहेत ते त्याशिवाय उलगडत नाही.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या हातातल्या दोन वस्तू दोन वेगळ्या गोष्टींच्या खुणा आहेत. पत्त्यांवरचा शिक्का हा कर भरल्याचा पुरावा आहे. काडेपेटीवरचं नाव हे मक्तेदारीचं आहे, कराचं नाही. काडेपेटीवर कर होता आणि मक्तेदारीही होती. दोन्ही वेगळ्या वर्षी आल्या आणि वेगळ्या वर्षी गेल्या. तिसरी गोष्ट म्हणजे सीमाशुल्क, जे परदेशातून माल आत येताना लागतं. आणि चौथा मूल्यवर्धित कर, जो आज दुकानाच्या पावतीवर 7 किंवा 19 टक्के म्हणून छापलेला दिसतो. तुम्ही ज्यांबद्दल विचारता ते कर या चारांपैकी फक्त एका जातीचे: उत्पादन शुल्क. हे किमतीवर नसतं, वजनावर किंवा नगावर असतं. मिठाचा पुडा स्वस्त असो की महाग, एका किलोमागे तेवढेच पैसे. ते कारखान्याच्या किंवा करमुक्त गोदामाच्या दारातून माल बाहेर पडताना सरकार घेतं, आणि ग्राहकाला ते कधीच वेगळं दिसत नाही.

वजनावर किंवा नगावर कर, ही एवढीशी गोष्ट मनात धरून ठेवा. हे कर आधी जड का वाटले आणि शेवटी कुणाच्या लक्षात न येता कसे गेले, दोन्हींचं उत्तर तिथेच आहे.

मिठापासून सुरुवात करते. प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत मोठ्या जर्मन राज्यात, आधी मिठाचा करच नव्हता, मिठाचा व्यापारच सरकारचा होता. एका काळात तर माणशी ठरावीक मीठ सरकारी कोठारातून घेतलंच पाहिजे अशी सक्ती होती. उत्तर जर्मन संघराज्य स्थापन झाल्यावर 1867 मध्ये ही मक्तेदारी मोडायचं ठरलं, आणि 1 जानेवारी 1868 पासून तिच्या जागी कर आला. दर होता एका त्सेंटनरला, म्हणजे 50 किलोंना, 2 थालर (मार्कच्या आधीचं चलन). पुढे मार्क आल्यावर त्याचा हिशेब 100 किलोंना 12 मार्क असा झाला. आणि आता पाहा: 1992 च्या शेवटी हा कर संपला तेव्हाही दर 100 किलोंना 12 मार्कच होता. मध्ये दोन महायुद्धं झाली, चलन बदललं, कर काही वर्षं बंदही होता. पण आकडा तोच. 1868 मध्ये किलोमागे 12 फेनिग ही कामगाराच्या घरात जाणवणारी रक्कम होती. 1992 मध्ये अर्धा किलोच्या पुड्यामागे 6 फेनिग कुणी मोजत नव्हतं.

खाण्याच्या मिठावरच हा कर होता. जनावरांचं मीठ, कारखान्यांचं मीठ यांना सूट होती. पण मग शेतकऱ्याकडचं करमुक्त मीठ स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून काय करायचं? ते मुद्दाम बिघडवायचं. जनावरांच्या मिठात लोहाचं ऑक्साइड मिसळत, त्यामुळे ते लालसर दिसे आणि जेवणात वापरावंसं वाटत नसे. करमुक्त माल खूण करून वेगळा ठेवायची ही पद्धत आजही जिवंत आहे. घर गरम करण्याच्या तेलात इथे लाल रंग घालतात, कारण त्यावर डिझेलपेक्षा कमी कर असतो आणि ते गाडीत ओतलेलं पकडता यावं.

आता तुमचा सत्याग्रहाचा प्रश्न. तो मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधीची काही वर्षं घ्या. 1907 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर एका मणाला 1 रुपया कर होता. तो मण साधारण 37 किलोंचा, म्हणजे 100 किलोंना 2 रुपये 11 आण्यांच्या आसपास. तेव्हाच्या दराने एक रुपया म्हणजे सुमारे 1.36 मार्क. हिशेब करा: हिंदुस्थानात 100 किलोंना साडेतीन-पावणेचार मार्क, जर्मनीत 12. म्हणजे जर्मन माणूस वजनामागे तिप्पट कर भरत होता.

तरी जर्मनीत कुणी समुद्राकाठी जाऊन मीठ उचललं नाही. कारणं अनेक आहेत, मला पटणारी सांगते. पहिलं म्हणजे उत्पन्न. जर्मन कामगार गरीब असला तरी कोकणातल्या किंवा गुजरातेतल्या शेतमजुराच्या मानाने त्याच्या हातात रोख पैसा कितीतरी जास्त होता, त्यामुळे कमी दराचा कर आपल्याकडे जास्त बोचला. दुसरं म्हणजे मीठ कुठून येतं. तिथलं मीठ बरंचसं जमिनीखालून, खाणीतून आणि खाऱ्या झऱ्यांतून निघे; ते काढणं हे आधीच मोठ्या कारखान्याचं काम. शिरोड्याला किंवा वडाळ्याच्या मिठागरात जे कुणालाही डोळ्यांसमोर तयार होताना दिसत होतं, ते उचलायला बंदी घालणं हा वेगळाच अपमान होता. आणि तिसरं, सगळ्यांत वजनदार: जर्मनीत त्या करावर भांडायला संसद होती. सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने 1891 च्या एर्फुर्ट कार्यक्रमात सगळे अप्रत्यक्ष कर रद्द करा अशी मागणीच लिहून ठेवली होती आणि त्यावर निवडणुका लढवल्या. मिठाचा कर गरिबाला श्रीमंताइतकाच लागतो, हा मुद्दा तिथेही तितक्याच पोटतिडकीने मांडला गेला. फरक एवढाच की तो मांडणाऱ्याला मत होतं. आपल्याकडे ते नव्हतं, म्हणून दांडीला चालत जावं लागलं.

आपल्याकडचा मिठाचा कर 1947 मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर गेला. जर्मनीतला त्यानंतर पंचेचाळीस वर्षं टिकला. हे मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगते तेव्हा आधी विश्वास बसत नाही.

साखरेची गोष्ट मिठाहून रंजक आहे आणि तिचा एक धागा थेट हिंदुस्थानापर्यंत जातो, म्हणून तिथे थोडी रेंगाळते. बीटच्या कंदात साखर असते हे बर्लिनमध्ये मारग्राफ यांनी 1747 मध्ये दाखवलं आणि त्यांचे शिष्य आखार्ड यांनी 1801 च्या सुमारास सायलेशियात पहिला कारखाना काढला. 1841 पासून जर्मन राज्यांच्या जकात संघाने या साखरेवर कर बसवला. पण साखर मोजायला प्रत्येक कारखान्यात अधिकारी बसवणं अवघड, म्हणून त्यांनी सोपा रस्ता धरला: कारखान्यात जाणाऱ्या कंदांचं वजन करायचं आणि त्यावर कर घ्यायचा.

याचा परिणाम कुणी ठरवून आणला नव्हता. कर कंदावर आहे म्हटल्यावर ज्याच्या कंदात जास्त साखर, त्याच्यावर कर कमी. मग शेतकऱ्यांनी गोड वाण निवडले, कारखान्यांनी रस काढायच्या पद्धती सुधारल्या. 1840 च्या सुमाराला एक किलो साखरेला पंधरा किलोंहून जास्त कंद लागत. शतक संपताना दहा किलोंपेक्षा कमी पुरू लागले. त्यात आणखी एक गंमत. साखर निर्यात केली की भरलेला कर परत मिळे, आणि परतावा जुन्या हिशेबाने, म्हणजे इतक्या साखरेला इतके कंद लागले असतील असं धरून दिला जाई. प्रत्यक्षात कंद कमी लागलेले. म्हणजे भरलेल्या करापेक्षा परत मिळणारी रक्कम जास्त. सरकारला साखरेतून मिळणारं उत्पन्न आटत गेलं आणि निर्यातदारांना न सांगता अनुदान मिळत राहिलं. शेवटी 1891 च्या कायद्याने कंदावरचा कर बंद करून तो तयार साखरेवर आणला.

ती अनुदानाची स्वस्त साखर कुठे गेली? बरीचशी ब्रिटनला, आणि काही हिंदुस्थानच्या बंदरांतही. जर्मन आणि ऑस्ट्रियन बीटची साखर हिंदुस्थानातल्या ऊस आणि गुळाच्या धंद्याला मारक ठरते अशी ओरड झाली, आणि 1899 मध्ये कर्झन यांच्या सरकारने अशा अनुदानित साखरेवर तेवढंच वाढीव शुल्क लावायचा कायदा केला. पुढे 1902 मध्ये ब्रुसेल्सच्या करारात युरोपच्या देशांनी ही अनुदानं बंद करायचं मान्य केलं. प्रशियातल्या वजनकाट्यावर बीट तोलण्याचा एक नियम आपल्या ऊस उत्पादकाच्या दारापर्यंत पोहोचतो, हे कळल्यावर करांचा इतिहास मला कोरडा वाटेनासा झाला.

साखरेवरचा कर शेवटी 100 किलोंना 6 मार्क एवढाच उरला होता, म्हणजे किलोमागे 6 फेनिग. आकड्याचं दुबळं होणं इथेही तेच.

काडेपेटी आणि बल्ब यांचं जन्मवर्ष एकच: 1909. त्यामागचं राजकारण सांगते, कारण घरगुती वस्तूंवर कर का बसतात ते त्यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. जर्मन साम्राज्याने आरमार वाढवायला घेतलं होतं आणि कर्ज साचलं होतं. चान्सलर ब्युलो यांना दर वर्षी साधारण 50 कोटी मार्क जादा उत्पन्न हवं होतं. त्यातला एक भाग वारसा कराचा होता: आईबापांकडून मुलांना आणि जोडीदाराला मिळणाऱ्या मालमत्तेवरही कर लावायचा. मोठ्या जमीनदारांच्या बाजूच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने आणि कॅथलिक सेंटर पक्षाने जून 1909 मध्ये तो हाणून पाडला. पैसे तर हवेच होते. मग जे आले त्यांत काड्यांवरचा कर होता, बल्ब, गॅसबत्तीची मेंटल आणि आर्क दिव्यांच्या कार्बन कांड्यांवरचा कर होता, शिवाय कॉफी आणि चहावरचं शुल्क वाढलं. ब्युलो यांनी जुलैत पद सोडलं. जमीन वारसाने मिळते तिथे हात लागला नाही, तो चुलीपाशी आणि दिव्यापाशी लागला. हे लिहिताना मला अजूनही राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

व्हिनेगरच्या आम्लावरचा करही त्याच वर्षीचा. लाकडापासून रासायनिक रीतीने स्वस्तात निघणारं आम्ल दारूपासून बनणाऱ्या व्हिनेगरच्या धंद्याला खाऊन टाकू नये, हा त्यात हेतू होता. म्हणजे उत्पन्नाइतकंच एका धंद्याचं रक्षण.

तुमची काडेपेटी मात्र पुढच्या अध्यायातली आहे. 1929 मध्ये जर्मनी पैशाला मोताद झालेली असताना स्वीडनचे काडेपेटीसम्राट ईवार क्रॉयगर यांनी 12 कोटी 50 लाख डॉलरचं कर्ज देऊ केलं. मोबदल्यात जर्मनीत काड्या विकण्याची मक्तेदारी मागितली. 1930 च्या कायद्याने ती दिली गेली आणि तुमच्या पेटीवरची ती कंपनी उभी राहिली. क्रॉयगर यांचा 1932 मध्ये पॅरिसमध्ये मृत्यू झाला आणि त्यांचं साम्राज्य कोसळलं, पण कर्ज आणि मक्तेदारी राहिली. युद्धानंतर 1953 च्या लंडन कर्ज करारात या कर्जाचीही तजवीज झाली आणि पश्चिम जर्मनी ते फेडत राहिली. शेवटचा हप्ता फिटल्यावर जानेवारी 1983 मध्ये मक्तेदारी संपली. जाता जाता: याच स्वीडिश काडेपेटी कंपनीने 1923 मध्ये हिंदुस्थानात विमको काढली, आणि तिचा कारखाना आपल्या अंबरनाथला होता. ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या पगारावर पेटली. आपल्याकडेही 1934 पासून काडेपेटीवर उत्पादन शुल्क आलं आणि पेटीवर कराची पट्टी चिकटवली जाऊ लागली.

पत्त्यांचं सोपं आहे. साम्राज्याने 1 जानेवारी 1879 पासून सगळीकडे एकच कर ठरवला: 36 पानांपर्यंतच्या कॅटला 30 फेनिग, त्याहून मोठ्याला 50. शिक्का बदामाच्या एक्क्यावर. तुमच्या शिक्क्यावर 30 आहे म्हणजे तो बहुधा स्काट या जर्मन पत्त्यांच्या खेळाचा 32 पानांचा कॅट. पानं मोजून पाहा. 30 फेनिग म्हणजे त्या काळच्या साध्या मजुराची तासाभराची मजुरी धरा. करमणुकीवर एवढा भार होता.

आता हे सगळे गेले कसे. दोन टप्पे होते. 1 जानेवारी 1981 ला काड्या, पत्ते आणि व्हिनेगरचं आम्ल यांवरचे कर गेले. तिथे कारण साधं हिशेबाचं होतं: वसूल होणारी रक्कम इतकी थोडी की तिच्यासाठी अधिकारी, नोंदवह्या आणि तपासणी ठेवणं परवडेना. नगावरचा दर वाढवला नाही की महागाई त्याला आतून पोखरते, आणि एके दिवशी कर वसूल करण्याचा खर्चच बोचू लागतो.

दुसरा टप्पा 1 जानेवारी 1993. मीठ, साखर, चहा आणि बल्ब या चौघांचे कर एकाच दिवशी संपले. त्याच दिवशी युरोपीय समुदायाची सामायिक बाजारपेठ सुरू झाली आणि सदस्य देशांमधल्या सीमांवर मालाची तपासणी थांबली. माझ्या धंद्याच्या नजरेने हा खरा निर्णायक क्षण. उत्पादन शुल्क हा देशापुरता कर असतो. फ्रान्समधून मिठाचा ट्रक आला तर त्यावर जर्मन कर लावायला सीमेवर कुणीतरी हवं. सीमेवर कुणी नाही म्हटल्यावर प्रत्येक मालासाठी कागदांची वेगळी साखळी लागते. दारू, तंबाखू आणि खनिज तेल यांच्यासाठी युरोपने 1992 मध्ये ती साखळी एकत्र बांधली. बाकीच्या वस्तूंवर कर ठेवायचा तर ठेवा, पण त्यापायी सीमेवर कसलीही औपचारिकता नको, अशी अट घातली. किलोमागे 6 आणि 12 फेनिगसाठी तेवढा खटाटोप कोण करणार? म्हणून ते गेले.

पण कॉफी राहिली. तिच्यावर कर भाजलेल्या किलोमागे 4 मार्क 30 फेनिग होता, मिठाच्या पस्तीसपटीहून जास्त. ती रक्कम सोडवत नव्हती. म्हणून सरकारने तिच्यासाठी खटाटोप पत्करला आणि आजही पत्करतं. वर्षाला सुमारे एक अब्ज युरो त्यातून येतात. कर न्याय्य आहे की नाही याने त्याचं भवितव्य ठरलं नाही, तो किती आणतो आणि गोळा करायला किती लागतं याने ठरलं. चहा गेला आणि कॉफी राहिली याला आरोग्याचं किंवा रिवाजाचं कारण शोधणारे लोक मला भेटतात. तसं काही नाही.

कॉफीवरचा कर फार जड झाला की काय होतं तेही जर्मनीने पाहिलं आहे. युद्धानंतर हा कर किलोला 10 मार्क होता. आखेनजवळ बेल्जियमच्या सीमेवरून इतकी चोरटी कॉफी येऊ लागली की सीमेवर गोळीबार झाले, माणसं मेली. आयफेल डोंगरातल्या श्मिट गावचं युद्धात पडलेलं चर्च पुन्हा बांधताना चोरट्या व्यापारातले पैसे आले, म्हणून लोक त्याला आजही संत मोका (मोका हा कॉफीचा एक प्रकार) म्हणतात. 1953 मध्ये कर मोठ्या प्रमाणात उतरवला आणि तो धंदा बसला.

स्वस्ताईबद्दल: इथे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि वस्तूगणिक उत्तर बदलतं. काडेपेटीवरचा कर 1981 मध्ये गेला, पण मक्तेदारी 1983 पर्यंत होती. स्पर्धाच नव्हती तर भाव कशाने उतरणार? मीठ आणि साखरेत पुड्यामागे इतके थोडे फेनिग होते की ते भावाच्या नेहमीच्या चढउतारात विरून गेले. बल्बच्या बाबतीत तर ज्या दिवशी त्याचा कर गेला त्याच दिवशी सर्वसाधारण मूल्यवर्धित कर 14 वरून 15 टक्के झाला. एका हाताने सोडलं, दुसऱ्याने थोडं परत घेतलं. एकूण माझा अनुभव असा की छोटा कर गेल्याचा फायदा ग्राहकाला सहसा दिसत नाही. तो कारखानदार आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो. ज्या धंद्यात खरी चुरस आहे तिथे थोडा खाली झिरपतो.

गेलेला कर परत येऊ शकतो का, हेही तुमच्या प्रश्नात अप्रत्यक्ष आहे. येऊ शकतो. फसफसणाऱ्या वाइनवरचा कर 1902 मध्ये आरमाराच्या काळात आला, 1933 मध्ये थांबवला आणि 1939 मध्ये युद्धासाठी पुन्हा लावला. तो आजही आहे: पाऊण लिटरच्या बाटलीला 1 युरो 2 सेंट. आणि शहरांनाही स्थानिक कर लावता येतात. एके काळी काही ठिकाणी आइस्क्रीमवर असा कर होता. ट्युबिंगन शहराने 2022 पासून घेऊन जायच्या खाण्याच्या वेष्टनावर 50 सेंट आणि एकदाच वापरायच्या चमच्या-काट्यावर 20 सेंट लावले. घटनात्मक न्यायालयाने तो कर वैध ठरवला. श्टुटगार्टहून ट्युबिंगन जवळ आहे, पुढच्या वेळी पावती पाहा.

आता पार्सल, जे तुमच्या रोजच्या उपयोगाचं. भारतातून येणारा चहा असेल तर त्यावर उत्पादन शुल्क नाही, 1993 पासून नाही. पार्सलची किंमत आणि ते भेट आहे की विकत घेतलेलं यावर आयातीचे इतर नियम लागतील, पण चहावरचा तो जुना कर विसरून जा. कॉफीचं तसं नाही. भाजलेल्या कॉफीला किलोमागे 2 युरो 19 सेंट आणि पाण्यात विरघळणाऱ्या पावडरला 4 युरो 78 सेंट. हिरव्या, न भाजलेल्या दाण्यांवर काही नाही. हा कर मूल्यवर्धित कराच्या आधी किमतीत मिसळतो, म्हणून इथल्या दुकानातल्या अर्ध्या किलोच्या भाजलेल्या कॉफीत आज तुम्ही त्याचे साधारण 1 युरो 17 सेंट भरता, पावतीवर ते दिसत नसले तरी.

आपल्या लोकांची फसगत जिथे होते ती जागा म्हणजे चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी आणि दूध-साखरेसह येणाऱ्या तयार कॉफीच्या पुड्या. नुसत्या चिकोरीवर कर नाही. पण किलोत 10 ग्रॅमपासून 900 ग्रॅमपर्यंत कॉफी असलेला कोणताही पदार्थ कॉफीयुक्त माल धरला जातो आणि प्रमाणानुसार टप्प्याटप्प्याने कर लागतो. म्हणून पाठवणाऱ्याला पुड्यावर कॉफी किती टक्के हे छापलेलं दिसेल असाच माल पाठवायला सांगा, आणि कस्टमच्या कागदावर नुसतं खाद्यपदार्थ न लिहिता कॉफी आणि तिचं वजन लिहायला सांगा. अर्धवट वर्णन हेच पार्सल अडकायचं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातून स्वतः प्रवासात आणत असाल तर 10 किलोंपर्यंत कॉफी घरगुती वापराची मानली जाते. तिकडच्या दुकानातून ऑनलाइन मागवली तर मात्र वजन कितीही असो, जर्मन कर लागतो. विक्रेता तो भरतो का, हे ऑर्डर देण्याआधी त्याला लेखी विचारा.